पंधरा फुटांची होडी

जलप्रवासाचा बेत आखणारा मनुष्य प्रथम पाण्याचा विचार करील, असें कोणासही वाटेल. १८६५ सालीं जॉन मॅक्ग्रेगर या लंडनच्या बॅरिस्टरानें युरोपांतील नद्या व सरोवरें होडींतून पाहण्याचा बेत केला, तेव्हां त्यानें आधीं विचार केला तो आगगाडीच्या डब्याचा. जर्मन रेल्वेच्या डब्यांत मावेल एवढीच लांब होडी हवी, हें त्याचें पहिलें सूत्र होतें. आणि त्या सूत्रांतून जी होडी निघाली, तिनें एका नव्या छंदास जन्म दिला.

काळ असल्या बेतांस अनुकूल होता. टॉमस कुक १८६३ पासून इंग्रज प्रवाशांचे जथे स्वित्झर्लंडांत नेऊं लागला होता. १४ जुलै १८६५ रोजीं मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर झालें, आणि उतरतांना सातांपैकीं चौघे दरींत कोसळले. करमणुकीसाठीं जीव धोक्यांत घालावा काय, असा वाद इंग्लंडांत माजला असतांच मॅक्ग्रेगर थेम्स नदींतून निघाला. आगगाडीचा प्रवासी स्टेशनें पाहतो. गांवाची पाठ, म्हणजे घाट, पाणचक्क्या, धुणें धुणाऱ्या बायका, गुरांचे पाणवठे, हीं त्याच्या दृष्टीस पडत नाहींत. ती पाठ मॅक्ग्रेगरला पाहावयाची होती. मोठ्या नद्यांवर वाफेच्या बोटी चालत. परंतु लहान नद्यांवर ठिकठिकाणीं पाणचक्कीचा बांध आडवा येई, आणि बांध आला कीं साधी होडी तेथेंच अडे.

मॅक्ग्रेगरची होडी ओक लांकडाची होती, आणि तिचें वरचें झांकण देवदारवर्गांतील लांकडाचें. लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, खोली ९ इंच, वजन ८० रत्तल, आणि तरंगण्यास अवघें ३ इंच पाणी पुरे. ७ फूट लांबीचें, दोन्ही टोकांस पातीं असलेलें एक वल्हें, लहानसें शीड, आणि शोभेस निळ्या रेशमाचा एक चिमुकला ध्वज. तीन महिन्यांचें सामान १ फूट लांब, तितक्याच रुंद आणि ६ इंच जाड अशा एका काळ्या पिशवींत बसविलें होतें! चार दिवसांच्या यात्रेस वळकट्या, फिरकीचे तांबे आणि फराळाचे डबे घेऊन निघणाऱ्या कुटुंबवत्सल मंडळींस हें ऐकून हंसूं येईल. परंतु ८० रत्तलांची होडी बांधावरून ओढून नेणें एकट्या माणसास साधतें, आणि तींत ट्रंक ठेवली म्हणजे साधत नाहीं, असा तो सरळ हिशेब होता. होडीचें नांव ‘रॉब रॉय’. स्कॉटलंडांतील मॅक्ग्रेगर कुळाच्या प्रसिद्ध बंडखोराचें तें नांव.

ही घडण सर्वस्वीं त्याची होती, असें म्हणतां येत नाहीं. १८५९ सालीं उत्तर अमेरिकेंत फिरतांना तेथील मूळ रहिवाशांच्या हलक्या होड्या त्यानें पाहिल्या होत्या; आणि उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक कातड्यानें मढविलेली, वरून झांकलेली ‘कयाक’ नांवाची होडी शिकारीसाठीं शतकानुशतकें वापरीत आले होते. मॅक्ग्रेगरचें श्रेय हें कीं, त्या घडणीचे गुण त्यानें ओळखले. विलायती होडीवाला जिकडे जावयाचें तिकडे पाठ करून बसतो. समोरचा खडक त्याला दिसतच नाहीं. शिवाय दोहों बाजूंस पसरलेलीं वल्हीं अरुंद ओढ्यांत कांठाला अडकतात. नव्या होडींतला मनुष्य तळाशीं, तोंड पुढें करून बसतो, आणि वल्हें कधीं या अंगानें तर कधीं त्या अंगानें मारीत बोळासारख्या प्रवाहांतूनही निसटतो.

पाण्याशीं या गृहस्थाचा संबंध जन्मापासूनच होता, आणि तो हिंदुस्थानाच्या वाटेवर जडला. त्याचा बाप पलटणींतील अधिकारी. १८२५ सालीं ‘केंट’ नांवाच्या जहाजांतून ती पलटण बंगालकडे निघाली असतां बिस्केच्या उपसागरांत वादळ झालें. तळघरांतील दारूचें पिंप फुटलें, तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातून कंदील पडला, आणि जहाज पेटलें. मदतीस आलेल्या ‘कँब्रिया’ या लहान जहाजानें पांचशेंहून अधिक लोक वांचविले. त्यांत पांच आठवड्यांचा जॉनही होता. पुढें त्यानें आपल्या प्रवासग्रंथाचें उत्पन्न बुडत्यांस तारणाऱ्या संस्थांना देऊन टाकलें.

त्याच्या वाटेचा नकाशा पाहतांच बेतांतील मेख ध्यानांत येते. थेम्स, म्यूझ, ऱ्हाइन, माइन, डॅन्यूब, रॉइस, मोझेल, मार्न, सीन. मध्यें कॉन्स्टन्स, झ्युरिक आणि ल्यूसर्न हीं सरोवरें. या जलमार्गांपैकीं कित्येक एकमेकांस मिळत नाहींत. मिळतात तेथेंही एकाच्या उगमापर्यंत प्रवाहाविरुद्ध जाणें माणसाच्या बाहूंस झेपणारें नाहीं. म्हणून जेथें चढ तेथें आगगाडी किंवा बैलगाडी, आणि उतार लागला कीं होडी. ब्लॅक फॉरेस्टचा घाट ‘रॉब रॉय’ गाडीवर बसून चढली, वर टिटिझे सरोवरांत तरंगली, आणि पलीकडे डोनाउएशिंगेन येथें डॅन्यूबच्या आरंभीं पुन्हां पाण्यांत उतरली. उल्म येथें नदी मोठी व एकसुरी होऊं लागतांच तिला सोडून तो रेल्वेनें कॉन्स्टन्स सरोवराकडे वळला.

ऋतूची निवडही महत्त्वाची होती. आल्प्समधील नद्यांना ऐन उन्हाळ्यांत बर्फाचें पाणी मिळतें आणि मोठालीं सरोवरें तें सांठवून धरतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरांतही तेथें होडी चालते. दख्खनच्या नद्यांना हा आधार नाहीं. पावसाळ्यांत महापूर आणि वैशाखांत वाळवंट, यांमधले थोडे महिनेच काय ते होडीचे. मात्र भरल्या नदीला धारही असते. ल्यूसर्न सरोवरांतून निघणारी रॉइस ब्रेमगार्टनच्या खालीं खडकांतून कोसळत धांवते. तेथील उसळत्या लाटेंत होडीसकट शिरण्याचा प्रसंग त्याजवर आला. होडीवरचें झांकण नसतें, तर त्याचा प्रवास तेथेंच संपता.

मॅक्ग्रेगरचा ग्रंथ १८६६ सालीं प्रसिद्ध झाला आणि पुनःपुन्हां छापला गेला. एकट्यानें, कोणाचेंही साहाय्य न घेतां फिरण्याचा आनंद हा त्याचा सूर. तो वाचकांस फार भावला. पण तो सर्वस्वीं खरा मानतां येत नाहीं. रेल्वेचे हमाल, गाडीवान, होडी खांद्यावर घेऊन वाजतगाजत खाणावळीपर्यंत नेणारीं गांवचीं पोरें, यांच्यावांचून ती होडी पहिल्या घाटाच्या पायथ्याशींच राहिली असती. तीन महिन्यांची सवड आणि खिशांत पैसा, हेंही सामान त्या काळ्या पिशवीबरोबर होतें. त्याचें कौशल्य इतरांच्या मदतीवांचून चालण्यांत नव्हतें. ती मदत कोठें लागेल हें घरीं बसून ओळखण्यांत होतें.

१८६६ सालींच लंडनजवळ रिचमंड येथें अशा होडीवाल्यांचा क्लब निघाला, आणि पुढल्या वर्षीं इंग्लंडचा युवराज त्याचा अध्यक्ष झाला. १८७६ सालीं रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या मित्रासह याच जातीच्या होड्या घेऊन बेल्जम व फ्रान्समधून गेला. वाझ नदीला पूर आला असतां आडव्या पडलेल्या झाडांत त्याची होडी अडकून हातची गेली, आणि तो कसाबसा खोडाला धरून वर आला. त्या प्रवासावर १८७८ सालीं त्याचें पहिलें पुस्तक निघालें.

मॅक्ग्रेगर स्वतः १८६८ सालीं नवी होडी घेऊन सुवेझच्या कालव्यांत उतरला. कालवा जहाजांना खुला होण्यास तेव्हां एक वर्ष अवकाश होता. या खेपेस झोपण्याची सोयही होडींतच केली होती. तेथून तो यार्देन नदीवर गेला. हुला सरोवराच्या दलदलींत तेथील लोकांनीं त्यास पकडलें. तो होडी सोडीना, तेव्हां त्यांनीं होडीसकट उचलून त्यास आपल्या शेखाच्या तंबूंत नेलें. सुटका झाल्यावर त्यानें त्या दलदलींतील प्रवाहांचा शोध घेऊन नकाशा काढला. १९५० नंतरच्या दशकांत त्या सरोवराचा निचरा करून तेथें शेती करण्यांत आली. १९९० नंतर त्याचा एक लहानसा भाग पुन्हां पाण्याखालीं आणला गेला.