बिबट्याचे संवर्धन व आनुवंशिकी : अहिल्यानगर जिल्हा

मार्जार कुलातील बिबट्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात सह्याद्रीच्या जंगलाप्रमाणेच शेतीच्या प्रदेशातही आढळतो. ब्रिटिश अमलात उपद्रवी प्राणी मानून त्याला मारणाऱ्यास बक्षीस देत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये पुढे त्याला पूर्ण संरक्षण मिळाले. दरम्यान प्रवरेच्या खोऱ्यात पाटबंधाऱ्यांमुळे उसाची लागवड वाढली. प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. दाट उसात आसरा आणि वस्तीलगत कुत्री, शेळ्या हे भक्ष्य मिळाल्याने बिबट्या तेथे स्थिरावला. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार अकोले परिसरात दर १०० चौ. किमी. मध्ये सु. ५ प्रौढ बिबटे होते.

माणसांवरील हल्ले टाळण्यासाठी बिबटे पकडून दूर सोडण्याची पद्धत होती. पुणे जिल्ह्यातील लगतच्या जुन्नर भागात २००१–०३ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर अवलंबिली गेली. मात्र हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली. केंद्र शासनाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत असे स्थलांतर टाळण्यावर भर आहे.

आनुवंशिकीने या प्रश्नाला दुसरी बाजू दिली. विष्ठेत आतड्यातील पेशी असतात. त्यांतील डीएनएवरून प्राणी न पकडता त्याची ओळख पटते व निरनिराळ्या प्रदेशांतील बिबट्यांचे नाते कळते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील १४३ बिबट्यांच्या अभ्यासात पश्चिम घाट, दख्खनचे पठार व निमशुष्क प्रदेश, शिवालिक आणि तराई असे चार गट आढळले. गेल्या सु. १२० ते २०० वर्षांत त्यांची संख्या ७५ ते ९० टक्क्यांनी घटल्याचा अंदाजही त्यातून निघाला. त्यामुळे उसात दिसणारे बिबटे पाहून ही जाती विपुल आहे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

अहिल्यानगर जिल्हा सह्याद्री व पठार यांच्या सीमेवर वसलेला असल्याने येथील बिबट्यांची नैसर्गिक ये-जा महत्त्वाची आहे. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ हा नर माळशेज घाटात सोडल्यावर सु. १२० किमी. चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. एका प्राण्याचा प्रवास म्हणजे जनुकांचा प्रवाह नव्हे. त्यासाठी नव्या ठिकाणी प्रजनन व्हावे लागते, आणि त्याची साक्ष पुढील पिढ्यांचा डीएनएच देऊ शकतो. पिंजऱ्यातून केलेल्या स्थलांतराने मात्र ही नोंद विस्कळित होते. म्हणून येण्याजाण्याचे मार्ग खुले ठेवणे, गोठे बंदिस्त करणे व पशुधनाची भरपाई वेळेवर देणे हे उपाय बिबट्या व शेतकरी या दोघांच्याही हिताचे ठरतात.