तोतया कुलूप फोडत नाही: १७७६ च्या कोकणापासून आपल्या घरच्या मोबाइलपर्यंत

१/
सन १७७६. पानिपतच्या संग्रामाला पंधरा वर्षे लोटली होती. पेशवेपदावर असलेले सवाई माधवराव अवघे दोन वर्षांचे होते. अशा वेळी कोकणात एक मनुष्य स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवीत किल्ल्यामागून किल्ला ताब्यात घेत सुटला होता.

आजचा थ्रेड त्या तोतयाविषयी आणि आपल्या संगणकावर व मोबाइलवर येणाऱ्या त्याच्या आजच्या वारसदारांविषयी.

२/
१४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेब रणांगणावर पडले. तथापि त्यांच्या मृत्यूविषयी महाराष्ट्रात दीर्घकाळ शंका रेंगाळली. ते परत येतील ही आशा पत्नी पार्वतीबाईंनी सोडली नव्हती. पानिपतावर ज्यांची माणसे हरवली होती, अशा असंख्य घरांची अवस्था हीच होती. तोतयाचे खरे भांडवल ही आशा होती.

३/
हा मनुष्य थोरल्या माधवरावांच्या काळातच प्रकट झाला होता. त्या वेळी त्याचे सोंग ओळखून त्याला कैदेत टाकण्यात आले. पुढे तो रत्नागिरीच्या कैदेत असताना तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी १७७६ मध्ये त्याला मोकळे केले आणि त्याचा पक्ष घेतला. ज्याच्या हाती पहारा होता त्यानेच दार उघडले!

४/
त्यानंतर हजारो लोक त्याच्याभोवती जमले. कोकणातील अनेक किल्ले त्याच्याकडे गेले आणि तो घाटापर्यंत येऊन ठेपला. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. समुद्रमार्गे पळताना तो रघुजी आंग्रे यांच्या हाती सापडला. पुण्यास आणल्यावर तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण असल्याचे ठरले आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहान्त शिक्षा झाली.

५/
या बंडात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एवढा मुलूख मिळवण्यासाठी त्याला भिंतींना सुरुंग लावण्याची फारशी गरज पडली नाही. एक थोर नाव त्याला पुरले. छायाचित्र नव्हते, भाऊसाहेबांना जवळून पाहिलेले लोक दूर होते, काळ अस्थिर होता आणि मने आशेने भरलेली होती.

आशा, भीती आणि घाई. तोतयाची शस्त्रे तेव्हाही हीच होती.

६/
वस्तुतः मराठी राज्यव्यवस्थेला बनावटीची चांगलीच जाण होती. शिवछत्रपतींच्या पत्रांत आरंभी मुख्य मुद्रा असे, तर मजकूर संपताच 'मर्यादेयं विराजते' ही दुसरी मुद्रा उमटे. पत्राची मर्यादा येथे संपली. याखाली कोणी एक अक्षर वाढवले तर ते सरकारचे नव्हे, असा तिचा अर्थ. 'शिक्कामोर्तब' हा आपला रोजचा शब्द याच परंपरेतला.

७/
परंतु मोर्तब कागदाचे रक्षण करते. कागद वाचणारा किंवा दार उघडणारा माणूस फसला तर मोर्तब काय करणार? संगणकाच्या सुरक्षिततेचा सारा इतिहास या दोन टोकांमध्ये घडला आहे. एकीकडे मोर्तब अधिकाधिक बळकट होत गेले आणि दुसरीकडे तोतया ते टाळून थेट माणसाकडे वळत गेला.

८/
संगणकावर परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, आला तो १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. एकच यंत्र अनेकजण वापरत, म्हणून प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राखण्याची ती सोय होती. १९६२ मध्ये तेथील ॲलन शेर या संशोधकाला ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ यंत्र हवे होते. त्याने पासवर्डांची फाइल छापण्याची विनंती यंत्राकडे पाठवली आणि सर्वांचे पासवर्ड कागदावर मिळवले.

कुलूप जन्माला आले आणि वर्षभरातच चाव्यांचा जुडगा दुसऱ्याच्या हाती गेला.

९/
आपल्याकडे घरगुती संगणकाची पहिली भीती आली ती फ्लॉपीतून. 'मायकेलअँजेलो' हा विषाणू ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या जन्मदिनी, हार्ड डिस्कवरील माहिती नष्ट करीत असे. १९९२ च्या मार्चमध्ये त्याने जगभर घबराट उडवली.

याच दशकात पुण्यात कैलास व संजय काटकर हे बंधू दुरुस्तीच्या व्यवसायातून विषाणूविरोधी सॉफ्टवेअरकडे वळले. १९९५ मध्ये त्यांची कंपनी स्थापन झाली. 'क्विक हील' हे नाव पुढे घरोघरी पोहोचले ते तिथूनच.

१०/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आता संकटाला फ्लॉपीची गरज उरली नाही.

४ मे २०००. जगभरातील लोकांना ओळखीच्या माणसाकडून एक ईमेल आला. विषय: 'आय लव्ह यू'. सोबतची फाइल साध्या पत्रासारखी दिसे. प्रत्यक्षात तो आज्ञावलीचा सापळा होता. फाइल उघडताच ती त्या माणसाच्या यादीतील सर्वांना त्याच्याच नावाने पुढे जाई. विषाणूने तोतयाचा वेष घेतला तो येथे.

११/
या प्रकरणातील फिलिपिन्समधील संशयितावर खटला उभा राहू शकला नाही, कारण त्या देशात तसा कायदाच नव्हता. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. मात्र ओळखीची चोरी (कलम ६६-सी) आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक (कलम ६६-डी) हे गुन्हे दुरुस्तीनंतर, २७ ऑक्टोबर २००९ पासून त्यात आले.

'तोतयेगिरी'. सुखनिधानाच्या काळातला शब्द आणि एकविसाव्या शतकातला गुन्हा.

१२/
ही दुरुस्ती येण्यापूर्वीच पुण्याने धडा पाहिला होता. २००५ मध्ये तेथील एका कॉल सेंटरमधील काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँक-ग्राहकांचा फोनवर विश्वास संपादन केला, त्यांचे पिन मिळवले आणि तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम पुण्यातील खात्यांत वळवली. कोणतीही सांकेतिक लिपी फोडली गेली नाही. ग्राहकांनी चावी स्वतः उच्चारून दिली होती.

१३/
येथून दुसऱ्या मोर्तबाची कथा सुरू होते. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना केवळ कार्डावर छापलेली माहिती पुरणार नाही, आणखी एक पडताळणी हवी, असे रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केले. मोबाइलवर येणारा ओटीपी याच विचारातून रुळला.

पत्राच्या शेवटी उमटणाऱ्या मर्यादामुद्रेसारखाच त्याचा उपयोग. तो कोणाला सांगणे म्हणजे आपली मुद्रा परक्याच्या हाती देणे.

१४/
तोतया माणूसच असावा लागतो असे नाही. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. एटीएममधून आलेली मागणी तपासून मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा बसवली. बनावट कार्डे वापरली गेली आणि ही तोतया यंत्रणा प्रत्येक मागणीला होकार देत राहिली. २८ देशांतून पैसे काढले गेले. एकूण हानी सुमारे ९४ कोटी रुपये.

१५/
तो घाव बँकेवर पडला. ग्राहकांच्या खात्यांतील रक्कम त्यात गेली नाही. घरच्या फसवणुकीत मात्र चित्र वेगळे असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. पण पिन किंवा ओटीपी ग्राहकानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतची हानी त्याची स्वतःची.

म्हणजे दार कोणी उघडले, हा प्रश्न आजही निर्णायक आहे.

१६/
आता महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला जाऊ. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, जंगलाच्या कुशीत, बोदलकसा नावाचा जलाशय आहे. सभोवती धानाचा प्रदेश. हिवाळ्यात पक्षी पाहण्यास लोक येतात.

समजा, नागपूरच्या एका कुटुंबाला येथे मुक्कामाची खोली हवी आहे. शोधयंत्रावर वर दिसलेल्या क्रमांकावर ते फोन करतात. पलीकडचा आवाज आदबशीर असतो. 'आज आगाऊ रक्कम पाठवा, एकच खोली उरली आहे.' आशा आणि घाई, दोन्ही एका वाक्यात.

१७/
त्याच परिसरातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी दुसरा फोन येतो. 'अनुदान अडकले आहे, खाते तपासायचे आहे.' घरात मोबाइल एकच; मुलाचा अभ्यास, धानाचे पैसे आणि आईचे औषध यांचा हिशेब त्याच एका यंत्रावर. पुण्यातील बँकेपाशी तज्ज्ञ असतात, विमा असतो, वकील असतात. या घरापाशी तोतयाला अडवणारा पहारेकरी एकच: फोन उचलणारी व्यक्ती. रत्नागिरीच्या सुभेदाराची जागा आज तिच्याकडे आली आहे.

१८/
म्हणून इतिहासातून आलेले काही नियम. प्रत्येकामागे एक घटना आहे.

सुखनिधानाचा धडा: नाव सांगणाऱ्यालाच त्याची ओळख विचारू नये, ती दुसऱ्या वाटेने तपासावी. फोन ठेवावा आणि पासबुकावर, कार्डाच्या मागे किंवा अधिकृत संकेतस्थळावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. मुक्कामाची नोंदणीही अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून करावी.

१९/
'आय लव्ह यू'चा धडा: ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून फाइल सुरक्षित ठरत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा सरकारी योजना अशा नावाने आलेल्या फाइलीच्या शेवटी 'एपीके' असेल, तर ती पत्रिका नव्हे. ते मोबाइलमध्ये शिरू पाहणारे ॲप आहे. उघडू नये. पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे, कारण बहुधा त्याचाच मोबाइल आधी ताब्यात गेलेला असतो.

२०/
ॲलन शेरचा धडा: एकच पासवर्ड सर्वत्र ठेवू नये. एक यादी फुटली की सारी दारे उघडतात. ईमेलचा पासवर्ड सर्वांत लांब व निराळा असावा, कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याची वाट त्यातूनच जाते. द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवावी.

मायकेलअँजेलोचा धडा: महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे यांची प्रत वेगळ्या ठिकाणी असावी आणि संगणक व मोबाइलचे अपडेट टाळू नयेत.

२१/
पुणे, २००५ चा धडा: पिन व ओटीपी कोणालाही सांगू नये, बँकेच्या नावाने विचारणाऱ्यालाही नाही. यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला जात असेल तर पैसे जाणार आहेत. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याला दाखवणारे ॲप घेऊ नये.

आणि भीतीचा तोतया: पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अटक' सांगणारा. अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही.

२२/
फसवणूक झालीच तर लाज बाळगून वेळ दवडू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असते; ती वाटेत गोठवता येते, पण तेवढ्या वेळात कळले तर. तोतयाही समुद्रमार्गे निसटण्यापूर्वी आंग्र्यांच्या हाती लागला, म्हणूनच पुण्यास आणता आला.

२३/
तोतयावर विश्वास ठेवणाऱ्या १७७६ च्या लोकांना आपण सहज भोळे ठरवतो. ते भोळे नव्हते. पानिपताने पोळलेले होते. आज फसणारे आपले आजोबा, शेजारी, मित्र हेही मूर्ख नाहीत. त्यांच्याही मनात एखादी आशा किंवा भीती असते आणि तोतयाला तिचा पत्ता आधी लागलेला असतो.

इतिहास वाचणाऱ्या तरुणांनी एवढे जरूर करावे: भाऊसाहेबांच्या तोतयाची ही गोष्ट आज घरातल्या मोठ्यांना सांगावी. नियमांच्या यादीपेक्षा गोष्ट अधिक काळ लक्षात राहते, आणि पुढचा अनोळखी फोन येईल तेव्हा ती उपयोगी पडेल.

(समाप्त)