होंडा अकॉर्ड

मे १९७६मध्ये अकॉर्ड बाजारात आली ती तीन दारांची हॅचबॅक म्हणून. चार दारांची सेडान पुढच्या वर्षी निघाली. अकॉर्डच्या सीव्हीसीसी इंजिनात मुख्य ज्वलनकक्षाला जोडून एक छोटा कक्ष होता. त्यात पेट्रोलचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण ठिणगीने पेटे आणि त्याची ज्योत मुख्य कक्षातले विरळ मिश्रण पेटवी. त्यामुळे ज्वलन पूर्ण होई आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न बसवताही धुरावरचे अमेरिकी निर्बंध पाळता येत. त्या काळात याहून सुंदर अभियांत्रिकी क्वचितच झाली.

अकॉर्डचा ‘जपानी गाडी’ हा उल्लेख मात्र जपून करावा. १ नोव्हेंबर १९८२पासून अकॉर्ड ओहायोतील मेरिसव्हिल येथे तयार होऊ लागली. जपानी कंपनीने अमेरिकेत बांधलेली ही पहिली मोटार. जपानी गाड्यांच्या आयातीवर १९८१पासून मर्यादा आली हे खरे, पण कारखान्याचा निर्णय त्याआधीच, १९८०मध्ये जाहीर झाला होता. १९८८मध्ये तर तिथे बनलेल्या अकॉर्ड कूपे जपानला निर्यात होऊ लागल्या, आणि १९८९मध्ये अकॉर्ड अमेरिकेत सर्वाधिक खपणारी मोटार ठरली. पुढे बाजारागणिक तिची अंगकाठी बदलली: जपान-युरोपसाठी आटोपशीर, अमेरिकेसाठी ऐसपैस. भारतात ती २००१मध्ये आली.