मुंबई विमानतळ
भारत–यूरोप हवाई वाहतुकीचे एक प्रमुख केंद्र. त्याची जडणघडण पाऊस व जागेची टंचाई यांमुळे घडली. १९२९ पासून लंडनचे टपाल इंपीरिअल एअरवेजच्या सेवेने कराचीपर्यंत येई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक-एंजिनी पस मॉथ विमानाने ते अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर आणले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूची सखल जमीन पावसाळ्यात पाण्याखाली जात असल्याने टाटांची सेवा पुण्यास हलवावी लागे. तेथे येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर विमाने उतरत.

दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी वाहतूक जुहूहून सांताक्रूझ येथील लष्करी विमानतळावर नेण्यात आली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ विमानाने मुंबई–कैरो–जिनीव्हा–लंडन सेवा सुरू केली. १९६० मध्ये या मार्गावर बोईंग ७०७ जेट विमाने आली. आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी सहार येथे १९८१ मध्ये नवी इमारत झाली. तथापि भोवती दाट वस्ती आणि दोन धावपट्ट्या परस्परांना छेदणाऱ्या, यांमुळे विस्तारास मर्यादा पडल्या. अखेर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळ सुरू झाला.

जागेचा हा प्रश्न सह्याद्रीच्या पूर्वेसही आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा असल्याने भोरलगतच्या पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ योजण्यात आला; त्यासाठीच्या भूसंपादनास तेथील शेतकऱ्यांनी विरोध केला.