पाणी, कोळसा, ऊन

‘पर्याय’ हा शब्द अनुवादकाला रोज भेटतो. पर्यायी शब्द म्हणजे त्याच अर्थाचा दुसरा शब्द. पर्यायी ऊर्जा म्हणजे संपत चाललेल्या कोळसा-तेलाच्या जागी येणारी ऊर्जा. दोन्हीकडे गृहीत एकच : एक काढावं, दुसरं ठेवावं. कर्नाटकात मात्र या शब्दाचा जुना अर्थ अजून वापरात आहे. उडुपीच्या कृष्णमठात दर दोन वर्षांनी पूजेचा अधिकार आठ मठांपैकी एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्याला ‘पर्याय’ म्हणतात. म्हणजे आळीपाळी. इथे कुणी कुणाची जागा कायमची घेत नाही. बेंगळुरूच्या विजेचा इतिहास वाचताना मला हाच अर्थ अधिक खरा वाटतो.

या इतिहासाची एक खूण चिकपेटच्या शेजारीच आहे. चिकपेट म्हणजे धाकटी पेठ. कधीकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या गावाचा हा भाग, आज रेशमी साड्यांच्या दुकानांनी गजबजलेला. तिथून चालत गेलं की कृष्णराजेंद्र मार्केट लागतं. त्या परिसरात 5 ऑगस्ट 1905 रोजी विजेचे रस्त्यावरचे दिवे लागले आणि रॉकेलच्या कंदिलांचा काळ सरू लागला. ही वीज कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याहून आली होती. ती तयार झाली होती मात्र दुसऱ्याच कामासाठी.

म्हैसूर संस्थानात दगडी कोळसा नव्हता. कोलारच्या सोन्याच्या खाणींतली वाफेची यंत्रं लाकडावर आणि बाहेरून आणलेल्या कोळशावर चालत. हा खर्च टाळण्यासाठी शिवनसमुद्रला जलविद्युत केंद्र उभं राहिलं आणि 30 जून 1902 रोजी सुमारे 147 किलोमीटर लांबीच्या तारांवरून वीज कोलारला पोचली. त्या काळच्या जगातल्या सर्वांत लांब वाहिन्यांपैकी ही एक. शहराला दिवे मिळाले ते त्यानंतर तीन वर्षांनी.

न संपणारं इंधन सापडलं, असं तेव्हा वाटलं असल्यास नवल नाही. पण नदी उन्हाळ्यात आटते आणि खाणीला बाराही महिने वीज लागते. म्हणून 1911 मध्ये कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. मुख्य अभियंता विश्वेश्वरय्या म्हैसूरला येण्यापूर्वी मुंबई इलाख्यात होते. 1903 मध्ये खडकवासल्याला बसलेले स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. धरणाला खालच्या अंगाच्या मद्रासने हरकत घेतली. 1924 च्या करारावर वाद तात्पुरता मिटला, 1974 नंतर पुन्हा पेटला, आणि 1991 मध्ये कावेरीच्या पाण्यावरून बेंगळुरूच्या रस्त्यांवर तमिळ भाषकांवर हल्ले झाले. पाणी दरवर्षी परत येतं, पण ते एकट्याचं नसतं.

मराठी वाचकाला हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांना बाहेरून येणाऱ्या कोळशाच्या तोडीचं काहीतरी हवं होतं, म्हणून टाटांनी घाटातलं पाणी अडवलं. 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईत आली. पुढच्या धरणासाठी मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि 1921 मध्ये तिथे सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते.

म्हैसूरमध्ये 1948 साली जोगची वीज आली, साठच्या दशकात शरावतीवर लिंगनमक्की धरण झालं, तिथलीही गावं उठली. एवढं करूनही पाऊस चुकला की वीज चुकायची. शेवटी 1985 मध्ये रायचूरला कोळशावरचं औष्णिक केंद्र सुरू झालं. कोळसा रेल्वेने परराज्यांतून येऊ लागला. आपण शिकतो त्याच्या उलट हा क्रम आहे. इथे आधी पाणी होतं. कोळसा हाच पाण्याला पर्याय म्हणून आला.

आता पाळी उन्हाची. तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगडा या अवर्षणग्रस्त तालुक्यात सुमारे 13,000 एकरांवर 2,050 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली, हे मुळशीच्या मानाने पुढचं पाऊल. पण ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्या शेतमजुरांना भाडं कुठून मिळणार? शिवाय चिकपेटमधली दुकानं उजळतात ती ऊन उतरल्यावर. दिवसाची वीज रात्रीसाठी राखायची तर साठवण हवी, आणि त्यासाठी प्रस्ताव आहे तो शरावतीच्या खोऱ्यात : वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडायचं. सिंहपुच्छ वानरांचं ते जंगल आहे, त्यामुळे विरोधही होतो आहे. फिरून आपण पाण्यापाशीच आलो.

यातून कोळशाची भलामण निघत नाही. तो संपणारा आहे आणि तो जाळण्याची किंमत हवामान मोजतं आहे. मला दिसतं ते एवढंच, की या सव्वाशे वर्षांत आलेला प्रत्येक स्रोत आधीच्याच्या जागी न येता त्याच्या शेजारी येऊन बसला, कारण मागणी दर वेळी पुढे गेलेली होती. प्रत्येकाची स्वतःची मर्यादा होती : कुणाची उन्हाळा, कुणाची रात्र, कुणाची शेजारचं राज्य. एका शब्दाऐवजी दुसरा ठेवला की वाक्याचा तोल बदलतो आणि बाकीची वाक्यंही पुन्हा लिहावी लागतात, हे अनुवादकाला ठाऊक असतं. ऊर्जेच्या बाबतीत आपण शब्द तेवढा बदलतो, मजकूर आहे तसाच ठेवतो.

कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाल्या. किफायतशीर सोनं उरलं नव्हतं. शिवनसमुद्रचं केंद्र अजून वीज देतं. वीज कशापासून करायची, हे आपण 1902 पासून विचारत आलो आहोत. कशासाठी आणि किती, हे विचारायचं राहिलं आहे.