नमुन्यावांचून विणकाम

मराठींतील 'विणणें' हें क्रियापद मोठ्या पसाऱ्याचें आहे. साळी लुगडें विणतो, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळें विणतो, आणि घरची बाई स्वेटरही विणतेच. इंग्रजीनें माग, जाळें व सुया यांच्या कामांस तीन निराळीं क्रियापदें दिलीं. आमच्या भाषेनें तीं एका घरांत नांदविलीं. हा भाषेचा आळस आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

हें सांगण्याचें कारण, 'मुक्त विणकाम' म्हणून जो प्रकार आहे त्याकडे एक पाश्चात्त्य चूष म्हणूनच पाहिलें जातें. त्यांत टाक्यांची संख्या आधीं ठरलेली नसते. अंगाच्या मापाचा कागद पुढें पसरून त्यावर बसतील असे लहान तुकडे विणीत जावयाचें. एकाच्या कडेवरून टाके उचलून दुसरा आडवा काढावयाचा. ओळ अर्ध्यांत सोडून मागें फिरलें कीं विणीस बाक येतो. मागावरचें कापड ताण्याबाण्यांत जखडलेलें, म्हणून तें कापून शिवावें लागतें. सुयांवरची वीण मात्र फासांची. ती हवी तेथें वाढते, हवी तेथें घटते. अशा रीतीनें झालेल्या बंडीची जोडीदार बंडी पुन्हां होत नाहीं.

अमेरिकेंत १९७१ सालीं या विषयावर दोन पुस्तकें निघालीं. मेरी वॉकर फिलिप्स यांनीं विणकामास कलेच्या पंक्तीस बसविलें. एलिझाबेथ झिमरमन यांनीं बायकांस सांगितलें कीं, माप अंगाचें घ्या आणि टाक्यांचा हिशेब स्वतः करा. पुढें ब्रिटनमध्यें जेम्स वॉल्टर्स व सिल्व्हिया कॉश यांनीं क्रोशाच्या सुईनें हीच वाट रुंद केली. परंतु यांस आरंभ म्हणणें इतिहासास धरून नाहीं. विणकामाच्या छापील नमुन्यांचीं पुस्तकें ब्रिटनमध्यें बोकाळलीं तीं १८३० नंतर. एडिंबरोच्या जेन गॉगेन बाईंचें प्रसिद्ध पुस्तक १८४० चें. इजिप्तमध्यें सांपडलेले सुती विणीचे मोजे त्याहून कित्येक शतकें जुने आहेत. ते विणणारांपुढें कोणतें पुस्तक होतें? नवा पाहुणा आहे तो नमुनाच.

आमच्याकडे सुयांवरचें विणकाम आलें तें बहुतांशीं याच पाहुण्याचा हात धरून. मिशनच्या व इतर मुलींच्या शाळांतून सुईकाम हा विषय झाला, आणि सुलट-उलट टाके पाढ्यांसारखे घोकले गेले. हात सुरेख तयार झाले, यांत शंका नाहीं. पण पुस्तक मिटलें कीं ते थबकत. ज्या बाईनें जुन्या लुगड्यांची गोधडी कोणास न विचारतां शिवली, तीच बाळाच्या टोपीसाठीं नमुना मागूं लागली. हें नुकसान कोणीं मोजलें नाहीं.

आतां हातखंब्याकडे पाहावें. मुंबई-गोवा रस्त्यावर येथें रत्नागिरीचा फाटा फुटतो. पाऊस शंभर इंचांहून अधिक, थंडी नांवाला. लोकरीची परंपरा या मातींत रुजावी कशी? घोंगडीसुद्धां घाटावरचीच. पण त्याच फाट्यानें समुद्राकडे उतरलें कीं विणणारांचा मुलूख लागतो. पाग म्हणजे हातानें फेकावयाचें गोल जाळें. तें वरून थोड्या डोळ्यांनीं सुरू होतें. मग ठराविक फेऱ्यांनीं डोळे वाढवीत नेले कीं छत्रीसारखा घेर आपोआप सुटतो. जाळ्यांत गांठ असते, लोकरींत फास, हा भेद खरा. पण वाढवून आकार आणण्याची युक्ति एकच, आणि ती बोटांत राहते, कागदावर नव्हे. यंत्रावरचें नायलॉनचें जाळें आल्यापासून त्या बोटांस काम उरलें तें मुख्यतः फाटकें सांधण्याचें. कोंकणांत मुक्त विणकामाचा वर्ग निघालाच, तर पहिली शिकवण अशा एखाद्या वृद्ध कोळ्याकडून मिळावी, असें आमचें मत आहे.

वर्गांत लोकरीऐवजीं सूत घ्यावें, हें ओघानेंच आलें. सूत जड, त्यास लोकरीची लवचीकता नाहीं. एकसंध विणलेला सुती सदरा दोन धुण्यांत गुडघ्यांकडे निघतो. तुकड्यांच्या विणींत मात्र जागोजाग सांधे असतात, आणि ते सांधेच वजन तोलून धरतात.