गंधकाची धुरी आणि वाइनमधले जिवाणू

रोगाचे कारण कळण्याआधीच औषध हाती लागावे, असे इतिहासात अनेकदा घडते. वाइन आणि गंधक यांची गोष्ट अशीच आहे. सतराव्या शतकात बोर्दोची वाइन समुद्रमार्गे नेणारे डच व्यापारी पिंपांत गंधकाची वात जाळत. फ्रेंचांनी तिला ‘डच काडी’ असेच नाव दिले. धुरी दिलेल्या पिंपातली वाइन टिकते, एवढे अनुभवाने ठाऊक होते; ती का टिकते, हे सांगणारे शास्त्र अजून जन्मायचे होते.

ते शास्त्र पाश्चरने घडवले. वाइन का बिघडते याचा शोध घेण्याचे काम तिसऱ्या नेपोलियनने १८६३ मध्ये त्याच्यावर सोपवले. १८६६ च्या ग्रंथात पाश्चरने बिघाडाचे मूळ सूक्ष्मजीवांत दाखवले. यीस्ट वाइन घडवते, जिवाणू ती नासवतात, अशी सरळ वाटणी त्यातून रूढ झाली.

ती पूर्ण सत्य नव्हती. १८९१ मध्ये हेरमान म्यूलर-थुरगाऊ या स्विस शास्त्रज्ञाने मांडले की, वाइनचा आंबटपणा उतरतो तोही जिवाणूंमुळेच. हे जिवाणू धारदार मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. बहुतेक रेड वाइनला हा बदल हवाच असतो. पण तो घडवणारा मुख्य जिवाणू, ईनोकॉकस ईनी, गंधकापुढे नाजूक; बिघाड करणारे काही जिवाणू त्याहून चिवट. म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जळायचे, आणि कधी ओलेच आधी.

शिवाय सल्फर डायऑक्साइडचा जो अंश जिवाणूच्या पेशीत सहज शिरतो, तो थोडाच असतो: पीएच ३ असताना मुक्त भागाच्या सुमारे ६ टक्के, ३.५ असताना सुमारे २ टक्के. मित्र जिवाणू आम्ल उतरवतो तेव्हा पीएच वाढतो आणि राखणदार दुबळा होतो. म्हणून रेड वाइन करणारा सुरुवातीला गंधक बेताचेच देतो, मॅलिक आम्ल संपेपर्यंत थांबतो, आणि मग पुरेशी मात्रा देऊन दार लावून घेतो.

गंधकाचा कणही नको म्हणणारे वाइनकार आज आहेत, आणि डोळे मिटून मात्रा ओतणारेही. आमच्या मते दोघेही एकच प्रश्न टाळतात: या पिंपात, या घडीला, कोणता जिवाणू काम करतो आहे?